चार पन्नास हजार

एप्रिल उजाडला की आमच्या काउंटरवर १५एच फॉर्मांचा ढीग लागायचा. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोस्टात होते. नोकरीची शेवटची नऊ वर्षं बचत खात्यांचा काउंटर माझ्याकडे होता. नातवाचा हात धरून म्हातारी माणसं यायची, चष्मा विसरलेला असायचा, सही कुठे करायची ते मी बोटाने दाखवायचे. "इथे करा, आणि इथे." त्या फॉर्मवर आपण काय लिहून देतो आहोत, हे त्यांना कळायचं नाही. मला कळत होतं, असं मी धरून चालले होते.

२०१९च्या एप्रिलमध्ये गुरुजी आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, माझ्या धाकट्या भावाचे चौथीचे शिक्षक. पोस्टात त्यांना वर्षाला शेहेचाळीस हजार व्याज मिळायचं. त्यांनी विचारलं, "बाई, मी हा फॉर्म भरू का?" मी म्हटलं, "नको गुरुजी, पन्नास हजारांच्या आत आहे. तुम्हाला काही लागत नाही."

यातलं पहिलं वाक्य बरोबर होतं. दुसरं चूक होतं, आणि गुरुजी घरी घेऊन गेले ते दुसरं.

पुढचं सगळं समजण्यासाठी हा पन्नास हजारांचा घोळ आधी सांगायला हवा. फेब्रुवारी २०१८च्या अर्थसंकल्पात ज्येष्ठ नागरिकांसाठी तीन तरतुदी एकदम आल्या आणि तिन्हींचा आकडा एकच होता. व्याजातून टीडीएस कापायची मर्यादा दहा हजारांवरून पन्नास हजार झाली. ८०टीटीबी हे नवं कलम आलं. त्यात बँक, सहकारी बँक आणि पोस्टातल्या ठेवींच्या व्याजातून पन्नास हजारांपर्यंत वजावट मिळू लागली. आणि ८०डी खाली आरोग्यविम्याचा हप्ता, किंवा विमा नसेल तर औषधोपचाराचा खर्च, यांची वजावट तीस हजारांवरून पन्नास हजारांवर गेली. त्याच अर्थसंकल्पात नोकरदारांना आणि पेन्शनरांना चाळीस हजारांची प्रमाणित वजावट मिळाली, तीही पुढच्या वर्षी पन्नास हजार झाली. असे चार पन्नास हजार. चौघांची कामं वेगळी, अटी वेगळ्या. माझ्या डोक्यात ते चारही एकाच खणात जाऊन पडले.

टीडीएसचा पन्नास हजार फक्त एवढंच सांगतो की या एका बँकेने किंवा पोस्टाने तुमच्या व्याजातून आधीच कर कापायचा की नाही. कर लागतो की नाही, हे तो सांगत नाही. ते ठरतं पेन्शन, सगळीकडची व्याजं, भाडं असेल तर भाडं, या सगळ्याच्या बेरजेवर. गुरुजींचं पोस्टात शेहेचाळीस हजार, एका बँकेत साधारण तेवढंच, आणि सहकारी बँकेत पुन्हा तेवढंच. तिन्ही ठिकाणी मर्यादेच्या आत, म्हणून कुठेच कापला गेला नाही. पेन्शन देणाऱ्यांनी फक्त पेन्शन पाहिली, म्हणून तिथेही कापला गेला नाही. बेरीज कुणीच केली नाही. मीही नाही, आणि मला तर ती करायला एक प्रश्न पुरला असता: "गुरुजी, अजून कुठे ठेवी आहेत का?"

मार्च २०२२मध्ये गुरुजींना मोबाइलवर आयकर खात्याचा संदेश आला. आदल्या नोव्हेंबरपासून खात्याच्या वार्षिक माहिती पत्रकात प्रत्येकाचं व्याज जागच्या जागी दिसू लागलं होतं, आणि गुरुजींनी विवरणपत्रच भरलेलं नव्हतं. ते माझ्या घरी आले. रागावले नाहीत, आणि त्यामुळे मला जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात ना, काही लागत नाही म्हणून." शिवाय त्यांनी पेपरात वाचलं होतं की पंच्याहत्तरीनंतर विवरणपत्र भरावं लागत नाही. ती सवलत आहे, पण पेन्शन आणि व्याज एकाच बँकेत येत असेल आणि दुसरं काही उत्पन्न नसेल तरच. शिवाय बँकेला तसं लेखी द्यावं लागतं. तीन ठिकाणी ठेवी असलेल्या माणसाला ती लागू नाही. तीही पुढच्या वर्षापासूनची.

मी त्यांना घेऊन गावातल्या एका तरुण करसल्लागार मुलीकडे गेले. तिने पहिल्या पाच मिनिटांत जे केलं ते मी नऊ वर्षांत एकदाही केलं नव्हतं. तिने कागद मांडला आणि वरून खाली लिहीत गेली. पेन्शन महिना बेचाळीस हजार, म्हणजे वर्षाचे पाच लाख चार हजार. त्यातून प्रमाणित वजावट पन्नास हजार. उरले चार लाख चोपन्न हजार. तिन्हीकडचं व्याज एक लाख अडतीस हजार. बेरीज पाच लाख ब्याण्णव हजार. ८०टीटीबीचे पन्नास हजार वजा करून पाच लाख बेचाळीस हजार. कर अधिक उपकर मिळून १९,१३६ रुपये, वर पाच हजार विलंबशुल्क आणि थोडं व्याज. गुरुजींनी खिशातून रुमाल काढला.

मग तिने विचारलं, "घरात कुणाचं मोठं आजारपण?"

गुरुजींच्या पत्नीचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं. हे मला माहीत होतं. पोस्टातून त्यासाठी पैसे काढायला ते यायचे तेव्हा मी स्लिप भरून द्यायचे, काकूंची चौकशी करायचे. पण मूत्रपिंड कायमचं निकामी होणं हा ८०डीडीबी कलमातल्या आजारांपैकी एक आहे, कर्करोग, थॅलेसेमिया, चाळीस टक्क्यांवर अपंगत्व आणणारा पार्किन्सन यांच्यासारखा. आणि रुग्ण ज्येष्ठ असेल तर एक लाखापर्यंत प्रत्यक्ष खर्चाची वजावट मिळते, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. त्यासाठी मूत्रपिंडाच्या तज्ज्ञ डॉक्टरांचं लेखी प्रिस्क्रिप्शन लागतं, त्यावर रुग्णाचं नाव, वय, आजार, डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी क्रमांक हवा. आमच्या गावात असे तज्ज्ञ नाहीत. गुरुजींचा मुलगा दोन दिवसांत कोल्हापूरला जाऊन ते घेऊन आला. बिलं जपून ठेवलेली सापडली ती चौसष्ट हजारांची. बाकीची फेकून दिली होती.

तेवढी पुरली. उत्पन्न आलं चार लाख अठ्ठ्याहत्तर हजारांवर. पाच लाखांच्या आत असल्याने ८७ए खालची करसवलत मिळाली आणि कर शून्य झाला. विलंबशुल्कही पाचाऐवजी एक हजार. ३१ मार्चच्या आत विवरणपत्र गेलं. बाहेर पडताना गुरुजी म्हणाले, "बाई, तुमच्यामुळे वाचलो." मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांना माझ्यामुळे हजार रुपये भरावे लागले होते, आणि त्याआधीच्या वर्षांत त्यांचं काय बुडालं ते कोणी मोजलंच नव्हतं.

गुरुजी रिक्षात बसले आणि मी पुन्हा आत गेले. माझी स्वतःची विवरणपत्रं तिला दाखवायची होती.

मी ऑक्टोबर २०१९मध्ये साठीची झाले आणि त्याच महिनाअखेर निवृत्त झाले. माझी समजूत अशी की आर्थिक वर्षाच्या मधेच साठ पूर्ण झाली तर ज्येष्ठपण पुढच्या एप्रिलपासून मोजतात. प्रत्यक्षात वर्षातल्या कोणत्याही दिवशी साठ पूर्ण झाली की ते अख्खं वर्ष ज्येष्ठ नागरिकाचं धरलं जातं. हे मी काउंटरवरच्या एखाद्या माणसाला नक्की विचारायला लावलं असतं, स्वतः मात्र विचारलं नाही. त्या वर्षी पगारही होता, पेन्शनही होती, ग्रॅच्युइटीचे पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवल्याने व्याजही आलं. वीस टक्क्यांच्या टप्प्यात मी ८०टीटीबीची वजावट घेतलीच नाही. नुकसान १०,४०० रुपये. त्या वर्षाचं विवरणपत्र सुधारायची मुदत केव्हाच गेली होती.

दुसऱ्या वर्षीची चूक जास्त विचार करायला लावणारी आहे, कारण त्या वेळी यंत्र मला सांगत होतं आणि मी ऐकत नव्हते.

नोकरीत असताना मी दरवर्षी आदल्या वर्षीचं विवरणपत्र समोर ठेवून नवं भरत असे. त्यात बचत खात्याच्या व्याजासाठी ८०टीटीएचा रकाना असायचा, दहा हजारांपर्यंतचा. २०२०-२१चं भरताना मी तिथे माझं सहा हजार व्याज घातलं. संगणकाने घेतलं नाही. पुन्हा घातलं, पुन्हा लाल अक्षरं. मला वाटलं संकेतस्थळ बिघडलं आहे. सहा हजारांसाठी कुठे बसा, म्हणून मी तिथे शून्य घातलं आणि पुढे गेले. तो रकाना माझी रक्कम घेत नव्हता कारण मी आता साठीच्या वर होते. माझ्यासाठी त्याच पानावर, खालच्याच ओळीत, पन्नास हजारांचा दुसरा रकाना होता. त्यात बचत खातं, मुदत ठेव, आवर्ती ठेव, पोस्टाची ज्येष्ठ नागरिक योजना, सगळ्याचं व्याज बसत होतं. तो मी वाचला होता. पण ५०,००० हा आकडा दिसला की मला टीडीएसच आठवायचा. "आपण १५एच दिलाय, आपला कापला गेलेला नाही, मग हे आपल्यासाठी नाही," असं मनाशी म्हणून मी रकाना रिकामा सोडला.

त्या मुलीने माझाही कागद मांडला. पेन्शन तीन लाख छत्तीस हजार, प्रमाणित वजावट जाऊन दोन लाख शहाऐंशी हजार. ज्येष्ठ नागरिक योजनेतल्या पंधरा लाखांचं ८.६ टक्क्यांनी एक लाख एकोणतीस हजार. बँकेतल्या ठेवींचं अठ्ठावन्न हजार, पतसंस्थेचं बेचाळीस, बचत खात्याचं सहा. बेरीज पाच लाख एकवीस हजार. मी त्यावर १४,७६८ रुपये कर भरला होता. ८०टीटीबीचे पन्नास हजार वजा केले असते तर चार लाख एकाहत्तर हजार, म्हणजे कर शून्य.

मग तिने एक गोष्ट दाखवली, आणि माझी झोप गेली. १५एचवर सही करताना आपण लिहून देतो की माझ्या वर्षभराच्या अंदाजित उत्पन्नावर कर शून्य येतो. तो जबाब आहे. खोटा दिला तर कायद्यात शिक्षा आहे. मी एप्रिल २०२०मध्ये बेरीज न करता सही केली, आणि पुढच्या वर्षी स्वतःच चौदा हजार कर भरला. म्हणजे माझ्याच विवरणपत्राप्रमाणे माझा १५एच खोटा ठरत होता. प्रत्यक्षात फॉर्म खरा होता आणि विवरणपत्र चुकलं होतं, पण फॉर्म खरा निघाला तो योगायोगाने. काउंटरच्या आत बसून मी किती जणांना "इथे सही करा" म्हटलं होतं त्याचा हिशेब मी त्या रात्री करत बसले. एकालाही मी विचारलं नव्हतं की तुमचं एकूण उत्पन्न किती.

त्या वर्षी सुधारित विवरणपत्राची मुदत ३१ मार्च २०२२पर्यंत वाढवलेली होती. आम्ही ते एकोणतीस तारखेला भरलं. पैसे परत आले.

पतसंस्थेच्या बेचाळीस हजारांविषयी इथेच सांगते, कारण आमच्याकडे घरटी एक तरी पतसंस्थेचं पासबुक असतं. तिथे माझा टीडीएस कधी कापला गेला नाही. सभासदांच्या व्याजातून बहुतेक पतसंस्थांना तो कापावा लागत नाही. त्यावरून गावात असा पक्का समज आहे की पतसंस्थेचं व्याज करमुक्त असतं. ते पूर्ण करपात्र आहे. उलट ८०टीटीबीच्या कलमात बँकिंगचा व्यवसाय करणारी सहकारी संस्था असे शब्द आहेत, आणि पतसंस्थेकडे रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना नसतो. म्हणून त्या मुलीने ते व्याज वजावटीच्या हिशेबात धरलं नाही. माझं बाकीचं व्याजच पन्नास हजारांच्या कितीतरी वर होतं, त्यामुळे मला फरक पडला नाही. ज्यांनी सगळं पतसंस्थेतच ठेवलं आहे त्यांना पडतो. कंपन्यांच्या ठेवींचंही तेच.

आता आईचं.

आई माझ्याकडेच होती. जुलै २०२२मध्ये, ऐन पावसात, मागच्या पडवीत पाय घसरून ती पडली. खुब्याचं हाड मोडलं. ब्याऐंशी वर्षांची. तिचा आरोग्यविमा नव्हता, त्या वयात कोणी नव्याने देतही नव्हतं. जिल्ह्याच्या ठिकाणी एका खाजगी रुग्णालयात नेलं, शस्त्रक्रिया झाली, नऊ दिवस राहिलो. एकूण खर्च एक लाख शेहेचाळीस हजार.

मी सगळे पैसे रोख दिले. सगळे. लोखंडी कपाटात घरखर्चासाठी आणि अडीअडचणीला म्हणून मी नोटा ठेवत असे, उरलेले भावाने आणून दिले. रुग्णालयाच्या खिडकीवर कार्डाचं यंत्र होतं, क्यूआर कोड चिकटवलेला होता. मला कोणी रोख द्या म्हटलं नाही. पण जन्मभर मी नोटा मोजल्या आहेत. दहा-दहाच्या चळती लावून, अंगठ्याला स्पंजचं पाणी लावून. आई आत टेबलावर असताना माझे हात काहीतरी खरं धरू पाहत होते. मोबाइलवर आकडा टाकून बटण दाबणं मला त्या वेळी जमलं नसतं असं वाटतं. हे कारण मी माफीसाठी सांगत नाही. झालं तसं सांगते.

२०२३च्या जुलैमध्ये विवरणपत्र भरताना मी आता शहाणी झाले होते. ८०टीटीबी घातलं. ८०डी वाचलं: विमा नसलेल्या ज्येष्ठ आईवडिलांच्या औषधोपचाराचा खर्च, पन्नास हजारांपर्यंत. माझ्याकडे दीड लाखाच्या पावत्या होत्या. मी पन्नास हजार घातले. उत्पन्न पाच लाखांच्या खाली गेलं, कर शून्य आला. मला चांगलं वाटलं. आईला सांगितलंही, "तुझ्या पायाने माझा कर वाचवला." ती हसली.

ऑगस्टमध्ये गुरुजींच्या कामासाठी मी पुन्हा त्या मुलीकडे गेले होते आणि बोलता बोलता हे सांगितलं. तिने विचारलं, "पैसे कसे दिले होते?" ८०डी खालचा खर्च रोखीशिवाय इतर मार्गाने केलेला असावा लागतो. धनादेश, कार्ड, यूपीआय, काहीही चालतं. रोख चालत नाही. फक्त प्रतिबंधात्मक तपासणीचे पाच हजार रोख चालतात. गंमत म्हणजे गुरुजींच्या ८०डीडीबीला ही अट नाही, आणि तेच डोक्यात ठेवून मी इथेही नाही असं धरलं होतं.

तेव्हाच्या तेव्हा मी दुरुस्ती करायला हवी होती. मी डिसेंबरपर्यंत केली नाही. भाच्याने सांगितलं, "मावशी, विवरणपत्राला पावती जोडायचीच नसते, कोण बघतंय?" मी त्याला रागावले नाही. चार महिने मी ते वाक्य मनात घोळवत राहिले. खर्च तर खराच झाला होता, आई खरीच पडली होती, पावत्या खऱ्याच होत्या, असं स्वतःला सांगत राहिले. या लेखात ज्या चुका सांगितल्या त्यांतली ही एकच मी समजून उमजून केली.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुधारित विवरणपत्र भरलं. ८०डीचा आकडा काढल्यावर उत्पन्न आलं पाच लाख सात हजार. पाच लाखांच्या वर फक्त सात हजार, आणि त्यासाठी कर ११,८५६ रुपये, कारण पाच लाखांची रेषा ओलांडली की ८७एची सगळी सवलत जाते. एक लाख शेहेचाळीस हजारांतले सात हजार जरी मी कार्डावर दिले असते तरी हा कर लागला नसता. रुग्णालयाचंही सोडा. माझ्या रक्तदाबाच्या आणि आईच्या गोळ्यांचे महिन्याला अठराशे रुपये मी औषधांच्या दुकानात सुट्टे मोजून देत असे. माझाही विमा नाही, मीही ज्येष्ठ, माझ्या गोळ्याही त्याच कलमात बसतात. तेवढ्या गोळ्या मोबाइलवरून पैसे देऊन घेतल्या असत्या तरी पुरलं असतं.

तेव्हापासून औषधवाल्याला मी यूपीआय करते आणि बिलावर नाव घालून घेते. आईच्या शेवटच्या वर्षातली सगळी बिलं अशी आहेत. आई जून २०२४च्या सुरुवातीला गेली.

त्याच महिन्याच्या अखेरीला वाचनालयाच्या सभागृहात ज्येष्ठांसाठी मी बोलावं असं मंडळींनी सुचवलं. मला बोलायचं होतं. आईचे दिवस नुकतेच झाले होते, घरात बसवत नव्हतं, आणि माझ्या चुका चारचौघांना उपयोगी पडाव्यात असं मनापासून वाटत होतं. मी चारही पन्नास हजार फळ्यावर लिहिले, एकेक उलगडून सांगितला. आणि शेवटी म्हटलं, "या वर्षी संगणक तुम्हाला आपोआप नव्या करपद्धतीत टाकेल. तिथे यातलं जवळजवळ काही मिळत नाही. ३१ जुलैच्या आत भरा आणि जुनी पद्धत निवडा. आपल्या वजावटी सोडू नका."

आमच्या आळीतल्या वहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्यांचे यजमान महाविद्यालयात प्राध्यापक होते, त्यांच्यामागे वहिनींना महिना पंचेचाळीस हजार कुटुंबनिवृत्तिवेतन मिळतं. त्यांनी मी सांगितलं तसंच केलं.

२०२५च्या ऑगस्टमध्ये त्या आदल्या वर्षीचं विवरणपत्र घेऊन माझ्याकडे आल्या, या वर्षीचं तसंच भरून द्या म्हणाल्या. मी पाहिलं. कुटुंबनिवृत्तिवेतन पाच लाख चाळीस हजार. त्याला प्रमाणित वजावट नाही. ते इतर उत्पन्नात जातं आणि जुन्या पद्धतीत त्यातून पंधरा हजारच वजा होतात. म्हणजे माझ्या फळ्यावरचा चौथा पन्नास हजार त्यांच्यासाठी नव्हताच, आणि हे मी त्या दिवशी बोलले नव्हते. व्याज एक लाख वीस हजार. ८०टीटीबी वजा करून पाच लाख पंचाण्णव हजार. भरलेला कर ३०,१६०.

नव्या पद्धतीत ८०टीटीबी मिळालं नसतं. उत्पन्न सहा लाख पंचेचाळीस हजार झालं असतं. पण नव्या पद्धतीत त्या वर्षी सात लाखांपर्यंत ८७एची सवलत होती. कर शून्य.

सुधारित विवरणपत्राची मुदत १५ जानेवारी २०२५लाच संपली होती. मी त्यांना सांगितलं. माझ्यामुळे झालं हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते भरायला मी एक ठेव मोडली होती." एवढंच. मी पैसे द्यायला तयार होते, त्यांनी घेतले नाहीत, आणि मला ते घ्या म्हणून गळ घालायचा धीर झाला नाही.

गुरुजींना मी एका ठेवीकडे बघून उत्तर दिलं होतं. पाच वर्षांनी मी एका वजावटीकडे बघून पन्नास जणांना उत्तर दिलं. मधल्या काळात कलमं पाठ झाली होती, पण सवय तीच राहिली होती: समोरच्या माणसाची बेरीज न मांडता बोलायचं.

२०२५-२६ या वर्षापासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य येतो, पेन्शनरांना वर पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट. माझ्यासारख्या, वहिनींसारख्या बहुतेकांना आता जुन्या वजावटींची गरजच पडणार नाही. ज्यांचं उत्पन्न त्याहून मोठं आहे, किंवा घरात डायलिसिस, कर्करोग, अपंगत्व आहे, त्यांनी दोन्ही पद्धतींनी मांडून बघायला हवं. टीडीएसची मर्यादा एप्रिल २०२५पासून ज्येष्ठांसाठी एक लाख झाली आहे, तेव्हा चारांतला तो एक पन्नास हजार आता पन्नास हजार राहिलेला नाही. आणि १ एप्रिल २०२६पासून १९६१च्या कायद्याच्या जागी २०२५चा आयकर कायदा येतो, त्यात या कलमांचे क्रमांकही वेगळे आहेत. मी फळ्यावर लिहिलेलं कुणी वहीत उतरवून घेतलं असेल तर त्यांच्याकडे जाऊन ते दुरुस्त करून द्यायचं काम मी सुरू केलं आहे. आतापर्यंत एकोणीस घरं झाली.

त्या दिवशी वहिनींना मी विवरणपत्र भरून दिलं नाही. म्हटलं, "घरी जा, सगळी पासबुकं घेऊन या." त्या तासाभराने कापडी पिशवी घेऊन आल्या. आम्ही जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. पेन्शनचं पासबुक, दोन बँकांच्या ठेवींच्या पावत्या, पोस्टाचं मासिक प्राप्ती योजनेचं. मी वरून खाली लिहीत गेले, दोन रकाने करून, एक जुन्या पद्धतीचा, एक नव्या. वहिनी शेजारी बसून बेरीज तोंडाने करत होत्या.

"मग, किती येतो?" त्यांनी विचारलं.

"थांबा," मी म्हटलं. "पतसंस्थेचं पासबुक कुठे आहे?"

त्या उठल्या आणि चपला घालून पुन्हा घरी गेल्या.